रविवारची संध्याकाळ आणि एक निरर्थक गाणे

१९९० सालच्या ३१ डिसेंबरच्या रात्री टोकियोत दोन समारंभ झाले. वर्षाची ही शेवटची रात्र जपानी कुटुंब सहसा घरीच काढते. सोबा नावाच्या शेवयांचे वाडगे पुढे घेऊन सारी मंडळी दूरचित्रवाणीसमोर बसतात आणि मध्यरात्री मंदिरांतील घंटांचे टोले ऐकून मगच निजतात. त्या रात्रीच्या पहिल्या समारंभात जपानी ध्वनिमुद्रिकांचे वार्षिक पारितोषिक जाहीर झाले. सरस्वतीचे हे तिकडचे मोठे मानाचे पान. दुसरा समारंभ एन. एच. के. या सार्वजनिक वाहिनीचा. ‘लाल’ आणि ‘पांढरा’ अशा दोन पक्षांत गायकगायिकांची विभागणी करून होणारी ही गायनस्पर्धा तेव्हा एकेचाळिसाव्या वर्षात होती. या दोन्ही ठिकाणी एकच गाणे मानाने मिरवले. ते कोणा प्रेमिकाच्या विरहाचे नव्हते, बंदर सोडून जाणाऱ्या गलबताचे नव्हते, वा मायदेशाच्या आठवणीचेही नव्हते. मुलांसाठी चाललेल्या एका ॲनिमे मालिकेच्या अखेरीस वाजणारे, ज्याचा धड अर्थही लागत नाही असे ते गाणे होते. नाव ‘ओदोरु पोम्पोकोरिन’.

त्या वर्षी जपानात सर्वांत अधिक खपलेली एकेरी तबकडी हीच. तिचा खप दहा लाखांच्या वर गेला. ध्वनिमुद्रिकांच्या पारितोषिकाचे त्या वर्षापासून दोन विभाग करण्यात आले होते. एक जुन्या वळणाच्या भावगीतांचा आणि दुसरा नव्या वळणाच्या गाण्यांचा. त्यांतील दुसऱ्याचे सर्वोच्च पारितोषिक या गाण्याला मिळाले. गंभीर प्रकृतीच्या रसिकांनी तेव्हा कपाळाला हात लावला असेल तर त्यांना दोष देववत नाही. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने अशा ठिकाणी नाक मुरडून पुढे जाणे बरे नाही. ज्या काळाने जे गाणे डोक्यावर घेतले त्या काळाविषयी ते गाणे काही तरी सांगतच असते. आणि गाण्याला अर्थ नसला म्हणजे तर त्याची साक्ष अधिकच निर्मळ असते, कारण त्याने कोणाची बाजू मांडण्याचे मनातच आणलेले नसते.

प्रथम ही ‘अखेरची गाणी’ म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. जपानी दूरचित्रवाणीवरील ॲनिमे मालिकेच्या प्रत्येक भागाला आरंभी एक व शेवटी एक अशी दोन गाणी असतात. आरंभीचे गाणे आपल्याकडील नांदीसारखे. खेळ सुरू होत आहे, येऊन बसा, असे ते सांगते. शेवटच्या गाण्याचे काम मात्र निराळे आहे. गोष्ट संपलेली असते, पडद्यावरून चित्रकारांची व लेखकांची नावे सरकत असतात, आणि मुलाला उठून हातपाय धुवायला वा अभ्यासाला जायचे असते. अशा या सांध्याच्या वेळी मिनिटभर वाजणारे हे गाणे. कीर्तनानंतरच्या आरतीशी त्याची तुलना केली तर फारसे चुकणार नाही, इतकेच की या आरतीत तबक फिरते ते ध्वनिमुद्रिका कंपनीचे.

ते तबक नेहमीच फिरत होते असे नाही. तेझुका ओसामु यांची ‘तेत्सुवान आतोमु’ ही मालिका १ जानेवारी १९६३ रोजी सुरू झाली. तिच्या गीताला आरंभी शब्दच नव्हते, नुसती वाद्यांची धून होती. पुढे तानिकावा शुन्तारो या कवीने तिच्यासाठी शब्द लिहून दिले. तानिकावा हे आधुनिक जपानी कवितेतील अग्रगण्य नाव. असा कवी मुलांच्या यंत्रमानवाचे गाणे लिहितो आणि त्याची लाजही बाळगत नाही, ही गोष्ट मला मोठी लोभस वाटते. त्यानंतरची दहापंधरा वर्षे ही गाणी नायकाच्या नावाचा घोष करीत. मिझुकी इचिरोसारखे गायक खास या कामासाठीच प्रसिद्ध होते. १९८० नंतर वारे फिरले. ‘कॅट्स आय’ या मालिकेचे त्याच नावाचे गाणे आन्री या लोकप्रिय गायिकेने १९८३ साली म्हटले आणि ते खपाच्या यादीत पहिले आले. १९८७ च्या एप्रिलमध्ये ‘सिटी हंटर’ या मालिकेच्या अखेरीस टी. एम. नेटवर्क या त्रिकुटाचे ‘गेट वाइल्ड’ वाजू लागले. त्यात कल्पकता अशी की गोष्टीचा शेवटचा प्रसंग चालू असतानाच गाण्याचे आरंभीचे सूर हळूच खालून येऊ लागत, आणि गोष्ट कोठे संपली व गाणे कोठे सुरू झाले हे प्रेक्षकाला कळतच नसे. मालिकेने गाण्याची जाहिरात करावी, गाण्याने मालिकेची करावी, असा हा परस्परसाहाय्याचा करार. जपानी लोक त्याला इंग्रजीवरून बनवलेला ‘ताइ-अप’ हा शब्द वापरतात. गाण्यात मालिकेतील एकाही पात्राचा उल्लेख नसला तरी चाले. किंबहुना नसलेलाच बरा, म्हणजे तबकडी मोठ्या माणसांनाही विकता येई.

‘ओदोरु पोम्पोकोरिन’ याच प्रथेचे अपत्य असले तरी पुरते नव्हे. कारण त्याचे शब्द कोणा व्यावसायिक गीतकाराचे नसून मूळ चित्रकथेच्या लेखिकेचेच होते.

ही लेखिका साकुरा मोमोको. हे तिचे टोपणनाव. (जपानी पद्धतीप्रमाणे मी सर्वत्र आडनाव आधी देत आहे.) जन्म १९६५ चा, गाव शिझुओका जिल्ह्यातील शिमिझु. फुजी पर्वत दिसणारे, चहाच्या मळ्यांच्या मुलखातले हे एक बंदर. २००३ साली ते शिझुओका शहरात विलीन झाले. वडिलांचे भाजीपाल्याचे दुकान होते. मुलगी आळशी, विसरभोळी, वर्गात मधल्या रांगेतली. परंतु चित्रे काढण्याचा व गोष्ट रंगवून सांगण्याचा नाद मोठा. १९८६ साली ती टोकियोला आली आणि कायदे व शासनव्यवहार यांवरील पुस्तके छापणाऱ्या एका प्रकाशनसंस्थेत नोकरीस लागली. रात्री चित्रकथा काढायच्या आणि दिवसा कचेरीत डुलक्या घ्यायच्या असा क्रम सुरू झाल्यावर वरिष्ठांनी तिला विचारले की कचेरी हवी की चित्रकथा. दोन महिन्यांत नोकरी संपली. आपल्या वाचकांपैकी ज्यांनी फायलीच्या आड कविता लिहिलेल्या आहेत त्यांना हा प्रसंग ओळखीचा वाटेल. फरक एवढाच की आपण बहुधा कचेरी निवडली.

१९८६ साली मुलींच्या ‘रिबोन’ या मासिकात तिची ‘चिबी मारुको-चान’ ही चित्रकथा सुरू झाली. इयत्ता तिसरीतील मारुको म्हणजे लेखिकाच. काळ १९७४ च्या आसपासचा. आईबाप, थोरली बहीण, आजोबा, आजी आणि मारुको असे सहा जणांचे कुटुंब. तीन पिढ्या एका छपराखाली. कथेत विलक्षण असे काहीच घडत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीतला अभ्यास शेवटच्या दिवसापर्यंत तसाच राहतो, खाऊचे पैसे भलत्याच वस्तूवर उधळले जातात, बहिणीशी भांडण होते आणि आजोबा मध्ये पडतात. परंतु काळाचे तपशील मोठ्या साक्षेपाने भरलेले आहेत. यामागुची मोमोए या गायिकेवर मारुकोचा जीव, तर बहिणीचा सैजो हिदेकी या गायकावर. ७ जुलै १९७४ रोजी, म्हणजे नेमक्या तानाबाता या ताऱ्यांच्या सणाच्या रात्री, शिझुओका भागात चोवीस तासांत ५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला आणि शिमिझुमध्ये तोमोए नदीचे पाणी घरांत शिरले. हा पूरही एका भागात येतो, आणि येतो तो शाळेला सुट्टी मिळाली या आनंदासह, जसा तो मुलांच्या आयुष्यात येतो तसा. सरकारी अहवालात त्या पुराची मोजदाद मिळेल. पण तेथे ही सुट्टी मिळणार नाही.

एक गोष्ट मात्र इतिहासाच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावी. कथेतील आजोबा तोमोझो हे नातीवर जीव टाकणारे, तिच्या प्रत्येक खोडीत सामील होणारे, मधूनच हायकूसारखे काही तरी पुटपुटणारे असे भाबडे म्हातारबाबा आहेत. लेखिकेने पुढे आपल्या ललितलेखांत उघड लिहिले की खरे आजोबा असे नव्हतेच. ते खवचट होते आणि घरात कोणालाच प्रिय नव्हते. म्हणजे तीने जे आजोबा रंगवले ते आठवणीतले नसून हवेहवेसे वाटणारे होते. १९७४ चे जे चित्र साऱ्या जपानने पुढे आपले म्हणून कवटाळले त्याच्या मध्यभागी अशी एक प्रेमळ दुरुस्ती बसलेली आहे. स्मृतीवर विसंबून इतिहास लिहिणाऱ्यांना यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. परंतु माझे मन म्हणते की त्या आठ वर्षांच्या मुलीला असे आजोबा मिळावयास हवे होते, आणि लेखिकेने ते तिला दिले यात काही बिघडले नाही.

या चित्रकथेवरील मालिका फुजी दूरचित्रवाणीवर सुरू झाली ती ७ जानेवारी १९९० रोजी, रविवारी संध्याकाळी सहा वाजता. या तारखेकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. बरोबर एक वर्षापूर्वी, ७ जानेवारी १९८९ रोजी, सम्राट हिरोहितो निवर्तले होते आणि त्यांच्याबरोबर शोवा हे बासष्ट वर्षे चाललेले युग संपले होते. दुसऱ्या दिवसापासून हेइसेइ हे नवे युग मोजले जाऊ लागले. मालिका सुरू करणारांनी ही तारीख मुद्दाम धरली असे म्हणण्यास काही आधार नाही. तो वर्षारंभानंतरचा पहिला रविवार होता इतकेच. परंतु योगायोगालाही अर्थ चिकटतो. ज्या जपानी माणसांची सारी हयात ‘शोवा अमुक साल’ असे लिहिण्यात गेली त्यांना कागदावर निराळे युग लिहायची सवय लागण्यास एक वर्ष लागले असेल. आणि ते लागते न लागते तोच शोवा एकोणपन्नास सालचे घर, तेथील बुटके जेवणाचे मेज, तेथील भाडोत्री वाटावीत अशी सुखे, दर रविवारी डोळ्यांपुढे येऊ लागली.

आता गाण्याकडे येऊ. चाल ओदा तेत्सुरो यांची. गाणारांचे नाव बी. बी. क्वीन्स. नावातील विनोद अमेरिकन ब्लूज गायक बी. बी. किंग यांच्यावरून उघड होतो. हा काही आधीपासूनचा प्रसिद्ध संच नव्हता. ध्वनिमुद्रणगृहांतून दुसऱ्यांच्या गाण्यांना साथ देणारी तयारीची माणसे एकत्र आणून तो बांधलेला होता. मुख्य स्वर दोन. कोन्दो फुसानोसुके हे घोगऱ्या, खरबरीत आवाजाचे ब्लूज गायक, आणि त्यांच्या जोडीला त्सुबोकुरा युइको यांचा उंच, स्वच्छ आवाज. दारूच्या गुत्त्यात रात्री दोन वाजता शोभावा असा पुरुषी आवाज मुलांच्या कार्यक्रमात संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास ऐकू यावा, ही यातली गंमत. खाली यांत्रिक तालाचा ठेका, नाचायला लावणारा. वर जत्रेतल्या बासरीची व ढोलक्याची नक्कल करणारे शब्द. ‘पोम्पोको’ हा जपानी भाषेतला जुना ध्वनी आहे. तानुकी नावाचा कोल्ह्याच्या जातीचा एक रानटी प्राणी चांदण्या रात्री आपल्या फुगीर पोटाचा डग्गा करून तो वाजवतो, असे तिकडच्या लोककथा सांगतात. त्या वाजवण्याचा हा आवाज. म्हणजे शीर्षकाचा अर्थ लावायचाच तर ‘नाचणारा पोम्पोकोरिन’ एवढाच लागतो, आणि पोम्पोकोरिन कोण हे कोणी विचारू नये. मध्येच एडिसनचे नाव काही कारण नसताना येऊन जाते. मारुकोचे नाव मात्र साऱ्या गाण्यात एकदाही येत नाही.

अशा निरर्थकाची परंपरा प्रत्येक भाषेत असते. आपल्या हादग्याच्या गाण्यांत वेड्याच्या बायकोने काय काय केले याची जी मालिका असते ती काही कमी विक्षिप्त नाही, आणि मुले ती अर्थ न विचारता शेकडो वर्षे म्हणत आली आहेत. परंतु साकुरा मोमोकोपुढे याहून जवळचा आदर्श होता. १९६१ साली उएकी हितोशी या नटगायकाने ‘सूदारा बुशी’ नावाचे एक गाणे म्हटले होते. शब्द आओशिमा युकिओ यांचे, चाल हागिवारा यांची. पगारदार माणूस थोडीशीच म्हणून प्यायला बसतो आणि फलाटाच्या बाकावर झोपतो, शर्यतीच्या घोड्यावर बोनस घालवतो, अशा धर्तीचे त्यातले प्रसंग. आणि ध्रुपद म्हणजे केवळ अर्थहीन अक्षरे. साकुराला तसेच एक गाणे लिहायचे होते.

‘सूदारा बुशी’ची हकीकत इतकी रम्य आहे की ती येथे सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. उएकी हे स्वतः मद्यास न शिवणारे, सरळ स्वभावाचे गृहस्थ होते. असले गाणे म्हणावे की नाही या पेचात ते पडले आणि वडिलांकडे गेले. वडील शिनरान पंथाचे बौद्ध धर्मोपदेशक. महायुद्धापूर्वी युद्धविरोधी विचारांसाठी तुरुंगवास भोगलेले करारी पुरुष. ते संतापतील अशी मुलाची कल्पना. परंतु गाणे ऐकून वडील म्हणाले की यात तर आपल्या शिनरानाची शिकवण आहे. कळते पण वळत नाही, अशी ही माणसाची अवस्था आहे, आणि तेराव्या शतकातील त्या धर्मसंस्थापकानेही हेच सांगितले होते. तेव्हा तू हे खुशाल म्हण. मुलाने म्हटले, आणि गाणे घरोघर गेले. शब्द लिहिणारे आओशिमा पुढे १९६८ साली वरिष्ठ सभागृहात निवडून गेले आणि १९९५ साली टोकियोचे राज्यपाल झाले. फलाटावर झोपणाऱ्या पगारदाराचा कवी राजधानीचा शासक होतो, हे आपल्या सचिवालयांत घडेल काय, याचा विचार ज्याने त्याने करावा.

आरंभी ज्या ३१ डिसेंबरच्या रात्रीचा उल्लेख केला त्या रात्री लाल-पांढऱ्या स्पर्धेच्या रंगमंचावर बी. बी. क्वीन्स होते, आणि त्याच रंगमंचावर, अनेक वर्षांच्या खंडानंतर, वृद्ध उएकी हितोशीही होते. आपल्या जुन्या गाण्यांची माळ त्यांनी नव्याने गुंफली होती आणि ती त्या वर्षी गाजत होती. १९६१ चे निरर्थक गाणे व १९९० चे निरर्थक गाणे एका रात्री, एका छपराखाली भेटले. पहिले गाणे जपान श्रीमंतीच्या वाटेवर निघाला तेव्हाचे. दुसरे, ती वाट जेथे संपली तेथले.

कारण १९९० हे साल काही साधे नव्हते. २९ डिसेंबर १९८९ रोजी टोकियोच्या शेअरबाजाराचा निर्देशांक ३८,९१५ वर पोचला होता. टोकियोतील जमिनीच्या किमतींविषयी तेव्हा ज्या कथा सांगितल्या जात त्या आज अरबी सुरस गोष्टींसारख्या वाटतात. नव्या वर्षात घसरण सुरू झाली आणि १ ऑक्टोबर १९९० रोजी तोच निर्देशांक वीस हजारांच्या खाली डोकावून आला; नऊ महिन्यांत जवळजवळ निम्मा. आणि त्याच ऑक्टोबरच्या २८ तारखेस ‘चिबी मारुको-चान’ पाहणाऱ्या घरांचे प्रमाण कान्तो विभागात ३९.९ टक्के नोंदले गेले. ॲनिमे मालिकांच्या नोंदीत हा आकडा आजवर कोणालाही ओलांडता आलेला नाही.

हे दोन आकडे शेजारी ठेवून त्यांचा कार्यकारणभाव जोडण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. गाणे एप्रिलच्या ४ तारखेस विक्रीस आले होते आणि पायरीपायरीने चढत उन्हाळ्यात अग्रस्थानी गेले. ते नाचणाऱ्या मुलांना निर्देशांकाशी कर्तव्य नव्हते, आणि पुष्कळशा थोरांनाही अजून वाटत होते की बाजार उद्या सावरेल. पुढची मंदी इतकी लांबेल हे त्या वर्षी कोणाच्या गावीही नव्हते. तरीही एवढे म्हणता येते की ज्या घरी भाज्यांचे भाव आणि खाऊचे सुटे पैसे हीच अर्थशास्त्राची सीमा आहे असे घर पाहायला त्या वर्षी निम्म्याच्या जवळपास घरे बसत होती. १९७४ हे सालही तेलाच्या टंचाईचे होते. युद्धोत्तर काळात जपानी अर्थव्यवस्था प्रथम आकुंचली ती त्याच वर्षी. मालिकेत ती टंचाई जवळजवळ जाणवत नाही. तिसरीतल्या मुलीला ती जाणवलीच नसावी.

आता ‘रविवार संध्याकाळ’ या शब्दांकडे वळतो, कारण या गाण्याचे खरे घर तेच आहे. फुजी वाहिनीवर सहा वाजता ‘चिबी मारुको-चान’ आणि लगेच साडेसहाला ‘साझाए-सान’ असा क्रम त्या वर्षी बसला. ‘साझाए-सान’ ही हासेगावा माचिको यांच्या १९४६ पासूनच्या वृत्तपत्री चित्रकथेवरील मालिका, ऑक्टोबर १९६९ पासून अखंड चालू असलेली. तिच्या दोन्ही गाण्यांची चाल त्सुत्सुमी क्योहेइ यांची. जपानी लोकप्रिय संगीतात त्यांच्याइतका यशस्वी संगीतकार क्वचितच झाला असेल. तिचे अखेरचे गाणे वाजू लागले की जपानी नोकरदाराच्या पोटात खड्डा पडतो, कारण सुट्टी संपली आणि उद्या सोमवार. या अवस्थेला तिकडे ‘साझाए-सान विकार’ असे नावच पडले आहे. वैद्यकाच्या ग्रंथात तो नाही. पण त्याचे रुग्ण मोजायला गेले तर सरकारी कचेऱ्यांतच रुग्णालये उघडावी लागतील. परमुलखात एकट्याने बिऱ्हाड केलेल्या आपल्यासारख्यांना रविवारच्या संध्याकाळी डब्यातली भाजी गरम करताना जे वाटते ते याहून फार निराळे नसते.

अशा वेळी, त्या खिन्न गाण्याच्या अर्धा तास आधी, ‘ओदोरु पोम्पोकोरिन’ येत असे. त्याला कोणा नायकाची ओळख नको, कोणत्या वयाची अट नको, अर्थाची तर नकोच. तीन पिढ्यांना एकाच वेळी म्हणता येईल असे गाणे लिहायचे तर त्यात कोणा एका पिढीचे दुःख वा प्रेम घालून चालत नाही. मग उरतात ते ताल, जत्रेतले आवाज आणि भरलेले पोट. माझ्या मते या गाण्याच्या सार्वत्रिक यशाचे मर्म येथे आहे. नंतरच्या वर्षांत घरोघरी दुसरा, तिसरा दूरचित्रवाणी संच आला, मुले आपापल्या खोलीत गेली, आणि साऱ्या घराने मिळून एक गाणे ऐकण्याचा प्रसंगच विरळ होत गेला. ३९.९ हा आकडा पुन्हा गाठला गेला नाही याचे कारण चांगल्या मालिका निघाल्या नाहीत असे नव्हे. गाण्यात जे घर नाचत होते ते मुळात १९७४ चे. १९९० मध्ये ते आठवणीत जमा होऊ लागले होते, आणि ज्या घरात बसून ते पाहिले गेले तेही लवकरच त्याच वाटेने गेले.

असे गाणे परदेशी नेता येत नाही, याची एक साक्ष आपल्याच देशात आहे. ‘चिबी मारुको-चान’ ज्या निप्पॉन ॲनिमेशन या संस्थेने काढली तिनेच १९८९-९० मध्ये किप्लिंगच्या ‘जंगल बुक’वर मालिका केली होती, आणि तीच १९९० नंतरच्या वर्षांत दूरदर्शनवर हिंदीतून दाखवली गेली. आमच्या पिढीला तो मोगली ठाऊक आहे; शेरखानाला नाना पाटेकरांचा आवाज होता हेही पुष्कळांना आठवेल. चित्रे जपानची तीच होती. पण गाणे मात्र जपानचे राहिले नाही. गुलजारांनी नवे शब्द लिहिले, विशाल भारद्वाजांनी नवी चाल दिली, आणि भारतभर मुलांच्या तोंडी बसले ते हे. रेषा समुद्र ओलांडतात. मिनिटभराचे गाणे बंदरातच राहते, कारण रेषा डोळ्यांची असते आणि गाणे त्या त्या घरातल्या संध्याकाळचे असते.

या यशाचे व्यापारी फळ अर्थातच लगेच उचलले गेले. बी. बी. क्वीन्सच्या मागे उभे राहून गाणाऱ्या तीन मुलींचा मी-के हा निराळा संच काढण्यात आला, आणि त्यांना १९६० नंतरच्या दशकातील गाण्यांची आठवण करून देणारी गाणी देण्यात आली. आठवणींचा धंदा चालतो हे कंपन्यांना समजले होते. ओदा तेत्सुरो यांनी पुढची काही वर्षे एकामागून एक यशस्वी चाली दिल्या; १९९४ मध्ये ‘स्लॅम डंक’ या मालिकेच्या अखेरीस वाजणारे वान्झ या संचाचे गाणे त्यांचेच, आणि तेही दहा लाखांच्या वर खपले. पण ते तरुणांचे, खिन्न आणि आर्जवी असे गाणे आहे. आजीने म्हणावे असे नव्हे. या सर्वांत मला अधिक मोलाची वाटते ती १९९१ मधली एक निवड. ‘चिबी मारुको-चान’चे पुढचे अखेरचे गाणे, शब्द साकुराचे व चाल ओदांचीच असलेले, गायला बोलावले सैजो हिदेकी यांना. तेच हिदेकी, ज्यांच्या चित्रापुढे कथेतली थोरली बहीण उसासे टाकते. १९७४ मध्ये शिमिझुच्या भाजीवाल्याच्या घरात ज्याचे नाव नुसते भांडणाला कारण होते तो गायक, सतरा वर्षांनी त्या घराची गोष्ट संपल्यावर गाणे म्हणायला आला.

पहिली मालिका सप्टेंबर १९९२ मध्ये थांबली आणि जानेवारी १९९५ मध्ये पुन्हा सुरू झाली. ती अद्याप चालू आहे. साकुरा मोमोकोने मध्यंतरी ललितलेखांची पुस्तके लिहिली, त्यांतील काही दहा लाखांवर खपली. सैजो हिदेकी १६ मे २०१८ रोजी वारले. साकुरा त्याच वर्षी १५ ऑगस्टला, कर्करोगाने, त्रेपन्नाव्या वर्षी गेली. तेहतीस-चौतीस वर्षे मारुकोला आवाज देणाऱ्या ताराको या अभिनेत्रीचे ४ मार्च २०२४ रोजी निधन झाले आणि दुसरी नटी त्या जागी आली. मारुको अजून तिसरीतच आहे. ‘ओदोरु पोम्पोकोरिन’ पुढे वेगवेगळ्या गायकांनी वेगवेगळ्या ढंगांत म्हटले, आणि एव्हाना त्याची जागाही बदलली आहे: अखेरीस वाजणारे ते गाणे आता आरंभी वाजते. रविवारी सहाच्या ठोक्याला ते लागते, आणि साडेसहाला साझाए-सान.